कॉलेजचे अर्ज आणि अवांतर उपक्रम: काय ठेवावं, काय सोडावं? (लेक दहावीत, न्यू जर्सी)

अनघा_एडिसन

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक दहावीत आहे, म्हणजे इथल्या हायस्कूलचं दुसरं वर्ष. तिचा आठवडा असा: सोमवार, बुधवार, शुक्रवार पोहणं. मंगळवारी व्हायोलिन. गुरुवारी डिबेट. शनिवारी गणिताचा क्लास. रविवारी सकाळी मराठी शाळा. तिथे ती आता शिकत नाही, शिकवते. पाच ते सात वर्षांच्या अकरा मुलांचा वर्ग गेली तीन वर्षं तिच्याकडे आहे.

ओळखीतल्या सगळ्यांनी सल्लागार लावलेत म्हणून आम्हीही एकाकडे गेलो. पहिली भेट फुकट होती. त्यांनी यादी पाहिली आणि मराठी शाळेवर पेन्सिलीने सरळ रेघ मारली. म्हणाले, हे प्रत्येक भारतीय मुलाच्या अर्जात असतं, याने काही होत नाही. त्याऐवजी स्वतःची नॉनप्रॉफिट काढा, एक रिसर्च पेपर छापून आणा आणि उन्हाळ्यात एखाद्या नावाजलेल्या कॅम्पसवर समर प्रोग्राम करा. तिन्हीसाठी त्यांच्याकडे पॅकेज आहे. आकडा ऐकून नवरा घरी पोचेपर्यंत गप्प होता.

गाडीत लेकीने एवढंच विचारलं, "आई, मग मी रविवारी जाऊ नको का?"

मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षांची मुलगी काय करते आणि काय सोडते हे अर्जाकडे बघून ठरवायचं असतं का? आणि ठरवायचंच असेल तर कशाच्या आधारावर? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

फ्रीमाँटचा_बाबा

अनघाताई, सगळ्यात आधी ती पेन्सिलीची रेघ खोडून टाका.

माझी दोन मुलं यातून गेली. पहिल्याच्या वेळी आम्हीही असेच घाबरलो होतो. नंतर लक्षात आलं की अर्जाचा फॉर्म कसा असतो हे बहुतेक पालक बारावीच्या ऑगस्टपर्यंत बघतच नाहीत. तो आजच बघा, निम्मी भीती जाईल.

कॉमन ॲपमध्ये (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच सामायिक अर्ज) उपक्रमांसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, स्पेस धरून. जुनं ट्विटर १४० चं होतं, त्याच्याहून फक्त दहा जास्त. शिवाय कोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे, हे आकडे भरायचे असतात. दहाच्या दहा जागा भरून प्रत्येकीपुढे आठ तास लिहिले तर आठवड्याचे ८० तास होतात, आणि शाळा त्याच्याबाहेर. वाचणारा माणूस दिवसभर असेच अर्ज वाचत असतो, त्याला ही बेरीज मनातल्या मनात येते.

एमआयटीचा फॉर्म वेगळा आहे. तिथे फक्त चार उपक्रम विचारतात, महत्त्वाच्या क्रमाने. चार! दहा ठिकाणी हजेरी लावलेल्या मुलाला तिथे सहा गोष्टी सोडाव्याच लागतात. आमच्या थोरल्याला कोणत्या सोडायच्या हे पाच मिनिटांत कळलं. ज्यांच्याबद्दल त्याला बोलायला काही सुचेना त्या सगळ्या गेल्या.

आमच्याकडे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया बहुतेक सगळेच भरतात. तिथे उपक्रम, नोकरी, बक्षिसं मिळून २० जागा आणि वर्णनाला ३५० अक्षरं. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण ते बघत नाहीत, शिफारसपत्रंही सहसा मागत नाहीत. म्हणून उपक्रम आणि आठांपैकी चार प्रश्नांची छोटी उत्तरं यांवर भार जास्त येतो. शिवाय काही अर्ज सहज निवडून ते लिहिलेल्या गोष्टींचा पुरावा मागतात. धाकटीला तसं पत्र आलं होतं. ग्रंथालयातल्या तिच्या सेवेच्या तासांवर सहीचा कागद होता म्हणून एका दिवसात निभावलं.

पॅकेजबद्दल. कॅम्पसवर चालणाऱ्या बऱ्याच महागड्या समर प्रोग्रामना पैसे भरले की बहुतेकांना जागा मिळते. प्रवेश समितीला हे चांगलं माहीत असतं. खरोखर चुरशीचे जे आहेत, उदाहरणार्थ एमआयटीत होणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, तिथे शिकवण्याचे आणि राहण्याचे पैसेच घेत नाहीत. पैसे देऊन छापलेल्या पेपरचंही तेच. मुलाला त्यातला आलेख समजावून सांगता आला नाही तर तो पेपर त्याच्याच अंगावर येतो.

पुणे_४११०३०

वाचतोय. आमचं दुखणं उलटं आहे.

मुलगा इथे अकरावीत. आयआयटीसाठी जेईईची रँक पुरते, बाकी तुम्ही काय करता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. दहावीत एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळाले, तेवढाच काय तो चित्रकलेचा हिशेब. तबला नववीत बंद केला, कारण क्लासची बॅच संध्याकाळची. आता म्हणतो अमेरिकेलाही अर्ज करायचाय. दहा जागांपैकी माझ्या अंदाजाने दोन भरतील. ज्युनिअर कॉलेजात ना क्लब ना डिबेट. आता घाईने काही सुरू करावं का?

फ्रीमाँटचा_बाबा

@पुणे, अर्ज त्या त्या शाळेच्या संदर्भात वाचतात. शाळेकडून काउन्सेलरचा रिपोर्ट आणि शाळेची माहिती जाते. कॉलेजात क्लब नाहीत, शनिवार-रविवारीही क्लास असतात, हे तिथे स्पष्ट लिहायला सांगा. तुमच्याकडे काउन्सेलर हे पद नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य लिहितात. त्यांना हा प्रकार नवीन असेल तर शेजारी बसून फॉर्म समजावून द्या.

घाईने काही सुरू करू नका. तबला सात वर्षं वाजवला असेल तर तो पुन्हा काढा. आठवड्याला दोन तास पुरतात.

विद्या_शार्लट

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नये.

"आवडतं ते करा" हे ऐकायला फार छान वाटतं. पण पाच टक्क्यांच्या आसपास मुलं घेणाऱ्या कॉलेजांबद्दल बोलत असू तर पालकांपासून खरं लपवू नये. हार्वर्डवरच्या खटल्यात (सुप्रीम कोर्टाचा निकाल २०२३ चा, बॉस्टनमधली सुनावणी २०१८ ची) त्यांची अंतर्गत पद्धत उघड झाली. शैक्षणिक, अवांतर, खेळ, व्यक्तिमत्त्व अशा प्रत्येक बाबीला १ ते ६ अंक देतात. अवांतरमध्ये १ म्हणजे राष्ट्रीय पातळीची कामगिरी. २ म्हणजे शाळेत ठळक नेतृत्व, जसं विद्यार्थी संघाचा अध्यक्ष किंवा शाळेच्या वर्तमानपत्राचा संपादक. नुसता सहभाग असेल तर ३.

म्हणजे गणित आवडणाऱ्या मुलाने एएमसी द्यावी, पुढे एआयएमई, जमलं तर यूएसएएमओ, या इथल्या गणिताच्या चढत्या पातळीच्या स्पर्धापरीक्षा. त्या परीक्षांना वजन आहेच. माझ्या मुलाने आठवीपासून रोज दीड तास दिला. एआयएमईला तीन तासांत पंधरा प्रश्न असतात. पहिल्या वर्षी त्याचे चार बरोबर आले आणि तो रडला. तिसऱ्या वर्षी दहा आले. ही मेहनत आणि रविवारचा एक तास एकाच तराजूत तोलता येणार नाहीत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

अनघा_एडिसन

विद्याताई, राग कसला, अशाच स्पष्ट बोलण्यासाठी धागा काढला. एक विचारते: तुमच्या मुलाला ते प्रश्न सोडवायला आवडत होते ना? म्हणजे अर्ज नसता तरी त्याने केलं असतं?

विद्या_शार्लट

हो. सुट्टीत गाडीतसुद्धा वही असायची. त्याला थांबवावं लागायचं.

ओहायोवाला

मग विद्याताई, तुम्ही आणि फ्रीमाँटवाले एकच गोष्ट सांगताय.

मी ज्या कॉलेजात शिकलो त्यांच्यासाठी गेली अकरा वर्षं मुलाखती घेतो. माजी विद्यार्थ्यांनी घ्यायच्या असतात त्या, कॉफीच्या दुकानात नाहीतर ग्रंथालयात बसून. निर्णय आमच्या हातात नसतो, आम्ही फक्त टिपण पाठवतो. पण एवढ्या वर्षांत शंभराच्या वर मुलं समोर बसली, त्यावरून सांगतो.

मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर काय केलंस?

एक मुलगा आला होता. नॉनप्रॉफिटचा संस्थापक, वेबसाइट सुंदर, भारतातल्या खेड्यांतल्या शाळांना संगणक देणारी. मी विचारलं, शेवटचा संगणक कुठे गेला? गावाचं नाव त्याला आठवेना. मग हळूच म्हणाला, ते सगळं बाबा बघतात. मुलगा वाईट नव्हता हो. पुढची वीस मिनिटं त्याने मला स्वयंपाकाबद्दल सांगितलं. आजीकडून भाकरी थापायला शिकला होता, पीठ कितपत गरम पाण्यात मळलं की चिरा जात नाहीत हे हाताने करून दाखवत होता. ते अर्जात कुठेच नव्हतं. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं. खरा मुलगा घरी ठेवून दुसऱ्याच कुणाला पाठवलं होतं.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. ती आणि तिचा भाऊ गॅरेजमध्ये जुन्या सायकली दुरुस्त करून निर्वासित कुटुंबांना द्यायचे. दोन वर्षांत तेवीस सायकली. संस्था नाही, वेबसाइट नाही. चेन किती सैल राहिली की उतरते हे तिने पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं. तो नॅपकिन अजून माझ्याकडे आहे.

विद्याताईंनी हार्वर्डचे अंक दिले त्यात एक भर. त्या यादीत ५ म्हणजे चारापेक्षा वाईट असं नाही. घरच्या जबाबदाऱ्या किंवा शाळा चालू असताना केलेली नोकरी, म्हणजे रूढ उपक्रमांबाहेरचं भरीव काम, यासाठी तो अंक ठेवलेला आहे. ६ आहे तो काही खास परिस्थितीमुळे उपक्रम करताच आले नाहीत अशांसाठी. कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलेली ही गोष्ट आपल्या लोकांमध्ये फारशी कुणी सांगत नाही, कारण तिचं पॅकेज करता येत नाही.

आणि खोटं तर अजिबात नको. २०१९ च्या मार्चमध्ये लाच देऊन कॉलेजप्रवेश मिळवण्याचं जे प्रकरण उघडकीला आलं त्यात कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवलं होतं, फोटोसुद्धा बनवलेले. पालक तुरुंगात गेले. शेवटी मुलांच्या नावाला जे लागलं ते लागलंच.

मिहीर_सोफोमोर

नमस्कार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आईने हा धागा पाठवला. मराठी टाईप करायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

ओहायोवाले काका म्हणाले तसाच मी होतो. माझ्या यादीत काहीच नाही असं मला वाटायचं. बाबा नाहीत. आई हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला. शाळेतून आल्यावर आजीजवळ मी असायचो. तिला इन्सुलिन द्यायचं, साखर वहीत लिहायची, जेवण गरम करून द्यायचं. डॉक्टरकडे गेलो की त्यांचं इंग्रजी आजीला मराठीत आणि आजीचं मराठी त्यांना इंग्रजीत. "पोटात कालवल्यासारखं होतंय" हे इंग्रजीत कसं सांगायचं यावर मी एकदा पूर्ण अपॉइंटमेंट घालवली. शनिवार-रविवार इंडियन ग्रोसरीत काम. वीस पौंडाच्या आट्याच्या पिशव्या ट्रकमधून उतरवायच्या, संध्याकाळी भाजी निवडून खराब वेगळी करायची.

मित्र डिबेटच्या स्पर्धांना विमानाने जायचे. मला लाज वाटायची.

शाळेच्या काउन्सेलरने विचारलं, तू तीन ते नऊ काय करतोस? मी सांगितलं. तिने कॉमन ॲप उघडून दाखवलं, उपक्रमाच्या प्रकारांमध्ये "कौटुंबिक जबाबदाऱ्या" हा पर्याय आहे आणि "पगारी काम" हाही. आठवड्याला २५ तास, वर्षाला ५२ आठवडे. ती म्हणाली, हे सगळ्यात वर लिही. माझ्या यादीत पाचच गोष्टी होत्या. बाकीच्या जागा रिकाम्या ठेवल्या.

मला जिथे जायचं होतं तिथे प्रवेश मिळाला. त्यामुळेच मिळाला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण निबंध लिहिताना मला काही शोधावं लागलं नाही. आजी गेल्या वर्षी गेली. तिची साखरेची वही माझ्या डॉर्ममध्ये आहे.

पुणे_४११०३०

मिहीर, शाब्बास रे बाळा. आमचा मुलगा वर्षभर सकाळी आजोबांना डायलिसिसच्या सेंटरवर सोडतो, आठवड्यातून तीनदा, क्लासच्या आधी. हे लिहायचं असतं हे मला आज कळलं.

विद्या_शार्लट

मिहीर, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. रविवारच्या तासाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

लेस्टरची_मावशी

इंग्लंडचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात. इकडे सगळंच वेगळं. ऑक्सफर्ड-केंब्रिजला पोहणं, व्हायोलिन, समाजसेवा यांनी जवळजवळ काही फरक पडत नाही. जो विषय शिकायचाय त्याच्याबद्दल शाळेबाहेर काय वाचलं, काय करून पाहिलं, तेवढंच विचारतात. यूकॅसचं (इथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जातलं) निवेदन आता सलग निबंध राहिलेलं नाही. २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत, मिळून ४००० अक्षरं. ऑक्सब्रिज आणि मेडिसिनची मुदत १५ ऑक्टोबर.

आमच्या भाचीने दोन्ही देशांना अर्ज केले. एकच मुलगी, पण दोन अर्ज शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या मुली वाटाव्यात. अमेरिकेच्या अर्जात तिची कथकची चौदा वर्षं, इंग्लंडच्या अर्जात त्याचा उल्लेखही नाही, नुसतं रसायनशास्त्र. म्हणून म्हणते, फॉर्मच्या मागे लागून मूल घडवायला गेलात तर कोणत्या फॉर्मच्या मागे लागणार?

अनघा_एडिसन

मंडळी, महिन्याभराने येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

धागा लेकीला वाचून दाखवला. मिहीरच्या प्रतिसादाला ती उठून आत गेली, मग परत येऊन बसली. मी तिला फ्रीमाँटच्या बाबांचा प्रयोग करायला लावला: प्रत्येक गोष्टीचं वर्णन १५० अक्षरांत लिही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, मी शेजारी शेंगा सोलत.

पोहण्याचं लिहिलं, चाळीस अक्षरांत संपलं. डिबेटचंही तसंच. व्हायोलिनचं बरं झालं. मराठी शाळेचं पहिलं वाक्य मात्र सल्लागाराच्या माहितीपत्रकासारखं होतं: नेतृत्व, समर्पण, संस्कृती. मी म्हटलं, हे राहू दे, तू तिथे करतेस काय ते सांग.

तर म्हणाली, "आई, त्यांना ळ म्हणता येत नाही."

इथे जन्मलेली मुलं सगळी. बाळ म्हणजे बाल, काळा म्हणजे काला. ती दर रविवारी टेबलावर केळी ठेवते. केळं म्हटलं तर केळं मिळतं, केलं म्हटलं तर परत प्रयत्न. जीभ कुठे लावायची ते समोर तोंड उघडून दाखवते. एका मुलाला जमायला चार महिने लागले, त्या दिवशी त्याने शाळाभर धावत जाऊन सगळ्या शिक्षकांना "केळं" म्हणून दाखवलं. ळ असलेल्या शब्दांची तिने अठ्ठेचाळीस चित्रकार्डं काढलीत, स्वतःच्या हाताने. शेजारच्या गावातल्या मराठी शाळेने ती मागून नेली. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. तीन वर्षं मी तिला दारात सोडून भाजी आणायला जात होते.

पुन्हा लिहिलं. अकरा मुलं, पाच ते सात वर्षं, एक अवघड अक्षर, अठ्ठेचाळीस कार्डं, दुसरी शाळा. इंग्रजीत १४७ अक्षरं झाली. तीन उरली.

आता पुढचं. पोहणं ती सोडतेय. मला जड गेलं, सहा वर्षं पहाटेच्या स्पर्धांना थर्मास घेऊन बसलेय मी. पण तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं असतं, आम्ही वाईट वाटून घेऊ म्हणून बोलली नाही. डिबेटही बंद. त्या वेळात तिला लहान मुलं बोलायला कशी शिकतात याबद्दल वाचायचंय. शाळेच्या इमारतीत एक स्पीच थेरपिस्ट येतात, उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर बसून काम बघता येईल का हे तिने स्वतः ईमेल लिहून विचारलं. त्या हो म्हणाल्या, आठवड्याला एक सकाळ. गणिताचा क्लास राहतोय, तिच्या इच्छेने.

सल्लागारांना नको म्हणून कळवलं.

एकच शंका उरलीय. सील ऑफ बायलिटरसी (दोन भाषा नीट येतात याचं प्रमाणपत्र) मराठीसाठी मिळतं का? त्याचा उपयोग होतो का?

फ्रीमाँटचा_बाबा

वा, अनघाताई! ते केळ्याचं बायकोला वाचून दाखवलं. आमच्या धाकटीला अजून ळ येत नाही, ती एकोणीस वर्षांची आहे.

सील ऑफ बायलिटरसीचा कायदा पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये केला, नंतर इतर राज्यं आली, न्यू जर्सीही आहे. हायस्कूल संपताना डिप्लोमाबरोबर मिळतं. मराठीची कोणती चाचणी तुमच्या डिस्ट्रिक्टला चालते हे शाळेच्या परभाषा विभागाला आत्ताच विचारून ठेवा, बारावीची वाट बघू नका. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी चारही अंगं तपासतात. आपली मुलं लिहिण्यात अडकतात.

अनघा_एडिसन

बरोबर ओळखलंत. बोलते झकास, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं आली की पेन थांबतं. माझी आई सांगलीला असते, निवृत्त शिक्षिका. तिने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, दर पंधरा दिवसांनी मला एक पत्र लिहायला सांग, मी लाल पेनाने तपासून फोटो पाठवते.

पहिलं पत्र काल पोस्टात टाकलं. विषय: केळं.